आज काय झालं, एवढं पक्षकाराला सांगा

प्रति,
महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांतले माननीय न्यायाधीश,
आणि त्याच न्यायालयांच्या बार रूममधली वकील मंडळी यांस,

स. न. वि. वि.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय, त्याचा कोणी राग मानू नये. आधी साहेबांना वेगळं आणि वकिलांना वेगळं लिहायला बसलो होतो. दोन्हीकडे मजकूर तोच यायला लागला, म्हणून एकाच पाकिटात घातलं.

मी 31 वर्षं कोर्टात नोकरी केली. नक्कल विभाग, रेकॉर्ड, नाझराचं टेबल असं फिरत फिरत शेवटची 14 वर्षं बेंच क्लार्क. ती खुर्ची कुठे असते ते तुम्हाला सांगायला नको. साहेबांच्या पायाशी आणि वकिलांच्या तोंडासमोर. साहेबांचा चेहरा मला फारसा दिसायचा नाही, आवाजावरून मूड ओळखायचो. वकिलांचे चेहरे मात्र पाठ झाले होते. कोणाची तयारी नाही आणि कोण आज तारीख मागणार, हे मला ते उभे राहायच्या आधी कळायचं.

आता निवृत्त आहे आणि सध्या प्रतिवादी क्रमांक 3 आहे. चुलतभावाने वाटपाचा दावा लावलाय. तक्रार त्याची नाही, त्याचा हक्क आहे. पण त्या दाव्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो.

गेल्या तारखेची गोष्ट. सकाळी साडेदहाला पोचलो. आमचं प्रकरण बोर्डावर 46 नंबरला. पावणेदोनच्या सुमारास पुकारा झाला. मी उठून दारापाशी जाईपर्यंत आमच्या वकिलांचे ज्युनिअर पुढे गेले होते. ते काहीतरी म्हणाले, पलीकडचे वकील काहीतरी म्हणाले, साहेबांनी मान न उचलता काहीतरी सांगितलं, आणि पुढचा पुकारा झाला. चाळीस सेकंद असतील. मी ज्युनिअरना गाठलं, म्हटलं, "काय झालं हो?"

"तारीख पडली काका. तीन सप्टेंबर."

"ते ऐकलं. पण झालं काय?"

"काही नाही. से साठी आहे."

से म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं. पण कोणाचा से, कोणत्या अर्जावर, अर्ज केला कोणी आणि का, हे विचारायच्या आत ते शेजारच्या कोर्टात धावले. त्यांचाही दोष नाही, तिथेही पुकारा झाला होता. मनात आलं, आत जाऊन रोजनामा, म्हणजे त्या दिवशी प्रकरणात काय झालं त्याची कोर्टाची नोंद, बघावा. पण ती खुर्ची आता माझी नाही, आणि दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन जुनी ओळख सांगणं बरं दिसलं नाही. तसाच एसटी स्टँडवर गेलो. ज्याने हजारो रोजनामे लिहिले त्याला स्वतःच्या दाव्यात आज काय झालं ते माहीत नव्हतं. मग बाकावर शेजारी बसलेल्यांचं काय होत असेल?

ते मला माहीत असायला हवं होतं, कारण ते सगळे 31 वर्षं माझ्याकडेच येत होते. टेबलाशी यायचे, हात जोडायचे, "साहेब, आमचं काय झालं?" आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचो, "वकिलांना विचारा." वकील म्हणायचे, "कोर्टाने तारीख दिली." म्हणजे कोर्ट वकिलाकडे बोट दाखवतं, वकील कोर्टाकडे. मधल्या मध्ये ज्याची जमीन, ज्याचा पोरगा आत, ज्या बाईची पोटगी, तो माणूस डायरीत तारीख लिहून घेऊन गावी जातो. या टोलवाटोलवीत मीही होतो. हे पत्र लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न म्हणून रास्तच आहे.

एक प्रसंग मनातून जात नाही. एका शेतकऱ्याच्या दाव्यात निशाणी 5 मंजूर झाली. पत्र वाचणाऱ्या बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो: आपल्याकडे दाव्याला निशाणी 1 पडते आणि तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला बहुधा निशाणी 5. दाव्याचा निकाल लागेपर्यंत पलीकडच्याने जमिनीत अडथळा आणू नये, एवढाच त्या हुकुमाचा अर्थ. हा माणूस संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "जिंकलो साहेब." मी पेढा घेतला. खोटं कशाला बोलू, खाल्लासुद्धा. त्याला म्हटलं नाही, की बाबा, दावा अजून उभा राहायचाय, साक्षी व्हायच्यात. त्याच्या वकिलांनीही म्हटलं नसावं. पुढे तो तारखांना यायचा बंद झाला, जिंकलेल्या माणसाने कशाला यायचं? साक्षीला उभाच राहिला नाही. काही वर्षांनी दावा पुराव्याअभावी रद्द झाला आणि त्याबरोबर मनाईही गेली. तेव्हा तो पुन्हा माझ्यासमोर उभा होता, जुन्या हुकुमाची नक्कल हातात घेऊन. "हे काय मग?" म्हणाला.

त्याचं नुकसान कायद्याने केलं नाही, साहेबांनी केलं नाही, विरुद्ध बाजूने तर मुळीच नाही. त्याला कोणी मराठीत दोन वाक्यं सांगितली नाहीत, त्याने केलं.

आता आधी साहेबांकडे येतो.

न्यायाधीशाने तटस्थ राहायचं, एका बाजूला सल्ला द्यायचा नाही, हे मला समजतं. पण तटस्थ म्हणजे मुका, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? उलट सीपीसीचा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा, ऑर्डर 10 सांगतो, की पहिल्या सुनावणीला कोर्टाने पक्षकारांना विचारावं, समोरच्याचं कोणतं म्हणणं कबूल आणि कोणतं नाकबूल; आणि वादाचा मुद्दा नेमका व्हावा म्हणून हजर पक्षकाराचा तोंडी जबाबही घ्यावा. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 165 ने न्यायाधीशाला साक्षीदाराला किंवा पक्षकाराला हवा तो प्रश्न विचारायची मुभा दिली होती. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, तिथे तेच कलम 168 आहे. कायदा करणाऱ्यांना न्यायाधीश बोलायला हवा होता. माझ्या 14 वर्षांत ऑर्डर 10 खाली पक्षकाराला खरोखर पुढे बोलावणारे साहेब मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

त्यातले एक आठवतात. दोन सख्ख्या भावांचा दावा, वादपत्र 14 पानी, हद्द, वहिवाट, पूर्वीची तोंडी वाटणी, सगळं त्यात. साहेबांनी दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं, "वाद नेमका कशाचा?" थोरला म्हणाला, "साहेब, विहिरीवर माझ्या पाळीच्या दिवशी हा मोटर चालू देत नाही." धाकटा म्हणाला, "याची पाळी कधी संपतच नाही." कोर्टात हशा पिकला, साहेबसुद्धा हसले. त्या दिवशी भांडण मिटलं नाही, पुढेही मिटलं नाही. निकालच लागला. पण मुद्दे निघाले ते पाण्याच्या पाळीचे, आणि दोन्ही भावांना शेवटपर्यंत माहीत होतं, की कोर्टात कशाचा काथ्याकूट चाललाय.

फौजदारीत तर कायदा न्यायाधीशाला बोलायलाच लावतो. सरकारी पक्षाचा पुरावा संपला, की आरोपीला त्याच्याविरुद्ध काय काय आलं ते एकेक करून सांगायचं आणि त्याचं म्हणणं विचारायचं. हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313 चा जबाब. नव्या संहितेत तो कलम 351 झाला. अख्ख्या खटल्यात न्यायाधीश आणि आरोपी यांच्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा समोरासमोरचा संवाद. आणि तो कसा होतो, हे मीच टाइप करत आलोय. प्रश्न आदल्या दिवशी तयार. "साक्षीदार अमुक याच्या पुराव्यात असे आले आहे की तुम्ही तमुक, याबाबत तुमचे काय म्हणणे आहे?" उत्तर: "खोटे आहे." पुढचा प्रश्न. "खोटे आहे." बावीस प्रश्न, बावीस वेळा खोटे आहे, खाली अंगठा. त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात भारी काय आणि हलकं काय, याची आरोपीला सुतराम कल्पना आली नसेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

साहेबांची अडचण मला दिसत नाही असं नाही. कायदा आयोगाने 1987 साली आपल्या 120व्या अहवालात म्हटलं, दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत. आज आपण 21 च्या आसपास आहोत. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत 4 कोटींवर प्रकरणं पडून. बोर्डावर सत्तर-ऐंशी नावं, वर निकालांच्या युनिटचा, म्हणजे किती प्रकरणं निकाली काढली त्याच्या गुणांचा, हिशेब. प्रत्येकाशी गप्पा मारत बसा, असं मी म्हणतच नाही. तारीख देताना एक वाक्य. "तुमच्या भावाने नवीन अर्ज दिलाय, त्यावर तुमचं म्हणणं पुढच्या तारखेला द्या." दहा सेकंदांचं काम आहे. पक्षकार दाराशी उभा असतो, त्याला आत यायला सांगा. त्याला वाटतं आत फक्त काळे कोटच जाऊ शकतात. खुलं न्यायालय म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

भाषेचं थोडं. राज्य शासनाच्या 1998 च्या अधिसूचनेने आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. तरी निकाल पुष्कळदा इंग्रजीत येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर बरेच लोक बोलतात, मी वेगळं सांगतो. मराठी निकाल तरी पक्षकाराला कळतो का? "उपरोक्त दावा मिळकतीच्या कब्जेवहिवाटीस प्रतिवादींनी स्वतः अथवा इसमांमार्फत हरकत अडथळा करू नये" हे मी शेकडो वेळा टाइप केलं. माझ्या बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे शेतात जायचं नाही ना? मग तसं लिहा की." आता मोबाइलवर तारखेचा मेसेज येतो, ती सोय खरंच चांगली झाली. पण त्यात तारखेचा टप्पा इंग्रजीत; दावा अजून सुनावणीला तयार नसला, तर ‘अनरेडी’. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मला फोन दाखवून विचारलं, "हे अनरेडी म्हणजे कोण तयार नाही? मी तर तयार आहे."

वकील आणि न्यायाधीश या दोन भूमिका वेगळ्या कशा, हे समजायला मला नेहमी एक जुना खटला आठवतो. टिळकांवर 1897 साली राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिलेले वकील होते दिनशा दावर. जामीन मिळाला. अकरा वर्षांनी, 1908 साली, तेच दावर न्यायमूर्ती होते. जिनांनी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला आणि दावरांनी तो फेटाळला. 22 जुलैच्या रात्री त्यांनीच सहा वर्षांची शिक्षा सुनावली. लोक दावरांना दुटप्पी म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही आणि पुरतं खोटंही वाटत नाही. कोट बदलला, की माणसाचं काम बदलतं, एवढं खरं.

पण त्या खटल्यात मला खरं कुतूहल आहे ते तिसऱ्या माणसाचं. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, काही दिवस मिळून एकवीस तासांवर बोलले. ज्याला आपण आजही अन्यायाचा खटला म्हणतो, त्या कोर्टात पक्षकाराला एवढं बोलू दिलं गेलं! आणि त्यांचा मोठा आक्षेप कशावर होता? ‘केसरी’तल्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरावर. नऊ ज्यूरींमध्ये सात युरोपीय, ज्यांना मराठी येत नव्हतं ते मराठी लेखांचा निवाडा करत होते. सात विरुद्ध दोन असा कौल गेला. शिक्षेआधी टिळक जे बोलले ते त्या कोर्टाबाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे, मुंबईला गेलात तर बघाच. आमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्याला एकवीस तास नकोत, साहेब. त्याला फक्त अनरेडीचा अर्थ हवाय.

आता वकील मंडळी.

तुमच्याबद्दल बाहेर फार वाईट बोललं जातं आणि त्यातलं बरंचसं अन्यायाचं आहे. पक्षकार तुमच्यापासून कागद लपवतात, निम्मं खोटं सांगतात, फीच्या वेळी आजारी पडतात. मी बघितलंय. फाटक्या माणसाकडून एक पैसा न घेता उलटतपासात समोरच्याचा घाम काढणारे वकीलही बघितलेत. आणि ज्युनिअरना महिन्याला काय मिळतं ते तुम्ही सांगत नाही, पण टपरीवरच्या चहाच्या उधारीवरून आम्हाला कळायचं.

तरीही. वकीलपत्रावर पक्षकार सही करतो तेव्हा तो स्वतःचा आवाज तुम्हाला देतो, दावा देऊन टाकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हिमालयन सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की पक्षकाराने सांगितल्याशिवाय वकिलाने त्याच्या हक्काला बाध येईल अशी कबुली द्यायची नाही. म्हणजे आधी त्याला विचारायला हवं, आणि विचारायचं तर समजावून सांगायला हवं. इथे तर कित्येकदा पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दाखल झाल्यावर पक्षकाराला कळतं, की आपण काहीतरी मान्य केलंय. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरलं. पंचवीस वर्षं झाली, तरी "आधी हिशेब, मग फाइल" हे मी व्हरांड्यात ऐकतोच आहे. परवाच ऐकलं.

14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाता येणार नाही. निकाल तुमच्या बाजूचा, आनंद आहे. वकिली म्हणजे काही किराणा नव्हे, हे मलाही पटतं. पण त्याचं एक कारण वाचताना मी चष्मा काढून ठेवला. वकील आपलं काम कसं करतो यावर पक्षकाराचं बरंच थेट नियंत्रण असतं, असं कोर्ट म्हणतं. कोणाचं नियंत्रण? त्या पेढेवाल्याचं? अनरेडीवाल्याचं? माझं? ज्याला आज काय झालं तेच माहीत नाही, तो नियंत्रण कशावर ठेवणार?

करायचं काय, तर फार मोठं नाही. आमच्या तालुक्यात एक वकीलसाहेब होते. त्यांच्या कारकुनाकडे चिठ्ठ्यांचं पॅड असायचं, दवाखान्यात असतं तसं. तारीख झाली, की चिठ्ठीवर मराठीत तीन ओळी: आज काय झालं, पुढच्या वेळी काय होणार, येताना काय आणायचं. "सातबारा आणि 12 नंबरचा फेरफार घेऊन या, मामांना साक्षीला तयार ठेवा." त्यांचे पक्षकार माझ्या टेबलाशी कधी येत नसत. हे माझ्या ध्यानात आलं ते निवृत्तीनंतर, बाकावर बसल्यावर. त्या वेळी मला एवढंच वाटायचं, की या वकिलांचे लोक शहाणे असतात.

एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं सीपीसीच्या ऑर्डर 17 मध्ये आहे, ते मी इथे काढत नाही. त्यावर तुम्ही, मी आणि साहेब तिघेही एकमेकांची तोंडं बघू.

माझ्या जागी आता बसलेल्या मुला-मुलींनाही जाता जाता सांगतो. "वकिलांना विचारा" हे उत्तर चुकीचं नाही, पण रोजनाम्यात लिहिलेलं वाचून दाखवायला कायद्याची पदवी लागत नाही. सल्ला देऊ नका, वाचून दाखवा. मी केलं नाही, तुम्ही करा.

पुढच्या तारखेला मी दाराशी नाही, आत मागच्या बाकावर बसणार आहे. पुकारा झाल्यावर उभा राहीन. साहेबांना वेळ असला तर एक वाक्य मला सांगावं. वेळ नसला तर आमच्या वकिलांनी तरी, पुढच्या कोर्टात धावण्याआधी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रतिवादी क्रमांक 3
(निवृत्त बेंच क्लार्क)

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी आमच्या वकिलांना वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. म्हणाले, "छापा, माझी हरकत नाही. फक्त तारीख दुरुस्त करा. तीन नाही, चार सप्टेंबर आहे."